बांधकामापूर्वी पडीक जमीन साफ करताना सुरुवात कोठून करावी?

पडीक (प्रश्न)

नमस्कार. सुमारे १५ वर्षे कोणीही न वापरलेल्या जागेवर आम्हाला एकमजली घर बांधायचे आहे आणि पुढेमागे वर आणखी एक मजला चढवता येईल इतका पाया भक्कम असावा अशी इच्छा आहे. घराचे माप ९ मीटर बाय १२ मीटर असे ठरले असून नकाशाही तयार आहे. त्यामुळे माझा प्रश्न घराविषयी नसून त्याच्या खाली येणाऱ्या जमिनीविषयी आहे.

जागेवर कमरेएवढे गवत व काटेरी झुडपे माजलेली आहेत. दक्षिणेच्या बाजूला एक मोठे झाड असून त्याच्या बुंध्याचा व्यास अंदाजे ४० सेंटिमीटर भरेल. ते ठेवावे की काढावे यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. दुसरे एक झाड पूर्वी कोणीतरी तोडलेले आहे, पण त्याचा खुंट जमिनीत तसाच आहे आणि तो नेमका घराच्या आखणीच्या आत येतो. एका कोपऱ्यात मोडकळीस आलेली शेड आहे व तिचे सिमेंटचे नालीदार पत्रे इतस्ततः पडलेले आहेत. उत्तरेकडचा भाग सखल असून पावसाचे पाणी तेथे दोन-तीन दिवस साचून राहते. त्याच भागात सुमारे तीन मीटर व्यासाची एक गोल जागा अशी आहे, की तेथील गवत इतर ठिकाणांपेक्षा उंच आणि उशिरापर्यंत हिरवे राहते. माती काळसर आहे व उन्हाळ्यात तिला बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात.

ज्यांना काम देण्याचे चालले आहे त्या कंत्राटदारांचे म्हणणे असे, की जेसीबी लावून एका दिवसात सगळे साफ करून देतो, उंच भागाची माती खरवडून सखल भागात लोटतो आणि वरून भरपूर पाणी सोडतो, म्हणजे जागा सपाट होईल व भराव आपोआप बसेल. हे ऐकायला फार सोपे वाटते आणि म्हणूनच मनात शंका येते. हा क्रम बरोबर आहे का, आणि यंत्र येण्यापूर्वी आम्ही स्वतः काय पाहून ठेवावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

ओळंबा

मातीच्या चाचण्यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

तुमच्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती हिरवी गोल जागा. इतक्या नेमक्या गोल आकारात गवत वेगळे वाढते तेव्हा खाली बहुधा माणसाचाच हात लागलेला असतो: बुजवलेली विहीर, शोषखड्डा किंवा जुनी मैल्याची टाकी. भोवतालची घट्ट माती कोरडी पडली तरी अशा सैल भरावात ओल टिकून राहते आणि गवत ती ओल वर दाखवते. उन्हाळ्यातील भेगा कोणत्या भागात रुंद आहेत, पाणी कोठे किती काळ साचते, झुडपे कोठे दाट व कोठे खुरटी आहेत, ही सगळी माहिती आज जमिनीच्या पृष्ठभागावर उघडी पडलेली आहे. ती टिपून घेण्याआधीच सगळे खरवडून सपाट केले, तर विहिरीचा पत्ता खांबाचा खड्डा खणताना किंवा यंत्राचे चाक आत गेल्यावरच लागेल. म्हणून जागेचा एक साधा नकाशा काढा, चारही हद्दींपासून अंतरे मोजून या खुणा त्यावर उतरवा आणि छायाचित्रे काढून ठेवा. नंतर त्या गोल जागेच्या कडेला उभे राहून, मध्यभागी पाय न ठेवता, लांब पहार किंवा सळई ठिकठिकाणी ठोकून पाहा. सळई एके ठिकाणी कष्टाने शिरते आणि हातभर अंतरावर अलगद खाली जाते, अशी सीमारेषा सापडली की शंका उरत नाही. परिसरातील जुन्या माणसांना विचारणे हीसुद्धा एक चाचणीच आहे आणि अनेकदा तीच सर्वांत अचूक ठरते.

दुसरे काम चाचणीखड्ड्यांचे. घराच्या आखणीत तीन-चार ठिकाणी दीड ते दोन मीटर खोल खड्डे यंत्राने घ्यावेत आणि मातीचे थर कोठे बदलतात ते काठावर उभे राहूनच पाहावे. वरचा थर काळा, त्याखाली पिवळसर, मग मुरूम असा क्रम लागला तर प्रत्येक थराची जाडी लिहून ठेवा, कारण पाया किती खोल न्यायचा याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेकडे द्या. दोन मजल्यांचा विचार असेल तर निदान एका ठिकाणी छिद्र घेऊन प्रमाण भेदन चाचणी करवून घेणे योग्य होईल. तीत ६३.५ किलो वजनाचा हातोडा सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नळी जमिनीत ठोकतात आणि पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढील ३० सेंटिमीटर शिरण्यासाठी किती ठोके लागले ते मोजतात. ठोके जितके कमी तितकी जमीन मऊ.

तुमच्या भेगांवरून मला खरी काळजी आहे ती फुगणाऱ्या मातीची. अशी माती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते, आणि हे चक्र दरवर्षी चालते. त्यासाठीची एक चाचणी इतकी साधी आहे की तिची पद्धत सांगण्याचा मोह आवरत नाही. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका मोजनळीत पाण्यात आणि तेवढीच माती दुसऱ्या मोजनळीत रॉकेलमध्ये सोडतात व २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. त्यामुळे पाण्यातील मातीची उंची रॉकेलमधील उंचीपेक्षा जितकी जास्त भरेल, त्याच्या टक्केवारीला फुगवटा म्हणतात. हा आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला तर पायाचा आराखडा नेहमीसारखा करून चालत नाही.

आता मूळ प्रस्तावाकडे वळतो. वरची १५ ते ३० सेंटिमीटर माती मुळे, कुजलेला पाला आणि जिवाणू यांनी भरलेली असते. ती बागेसाठी उत्तम आणि पायाखाली निरुपयोगी. सेंद्रिय द्रव्य कुजत जाते व त्याची जागा पोकळ होते. ही माती सखल भागात लोटून तोच भराव मानला, तर आपण जमिनीतला सर्वांत कमकुवत थर उचलून घराखाली ठेवला असे होईल. ती स्वतंत्र काढा, दोन मीटरपेक्षा उंच ढीग न करता एका कडेला ठेवा आणि घर झाल्यावर आवारात पसरा. किती माती निघेल याचा अंदाजही आधी घ्यावा. घराभोवती दीड-दीड मीटर जास्त धरून १२ बाय १५ मीटर जागेवरील २० सेंटिमीटरचा थर काढला तर जमिनीतील ३६ घनमीटर माती निघते; पण सुटी झाल्यावर ती सुमारे एक-चतुर्थांशाने वाढते, म्हणजे ४५ घनमीटरची सोय लागते. ढीग कोठे करायचा हे न ठरवता काम सुरू झाले, तर तीच माती तीन वेळा उचलावी लागते.

पाणी सोडून भराव बसवण्याची कल्पना वाळूच्या बाबतीत काही अंशी खरी आहे; चिकण मातीत ती घातक ठरते. मातीचे कण एकमेकांवर सरकून जवळ यावेत इतकाच ओलावा हवा असतो. तो कमी पडला तर ढेकळे तशीच राहतात आणि जास्त झाला तर कणांमधली जागा पाण्याने भरून दाब देऊनही माती दबत नाही, नुसती लिबलिबते. अमेरिकेतील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी मातीची धरणे बांधताना याच गोष्टीचा अभ्यास करून १९३३ साली जी चाचणी मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यावरून कोणत्या ओलाव्याला माती जास्तीत जास्त दाट होते ते कळते; वालुकामय मातीत हा ओलावा साधारण ८ ते १२ टक्के, तर चिकण मातीत १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास असतो. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या सुट्या थरांत टाकावा, प्रत्येक थर रोलरने किंवा धुम्मसाने दाबावा आणि प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के घनता जागेवर मिळते की नाही हे पाहूनच पुढचा थर टाकावा. मीटरभर माती एकदम टाकून वरून रोलर फिरवला, तर वरची वीतभर माती दगडासारखी होते आणि खालची तशीच भुसभुशीत राहते. वरून चालताना हा फरक मुळीच जाणवत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे.

पारंबी

ओळंबा यांनी मातीबद्दल सांगितलेच आहे. मी फक्त झाडांबद्दल लिहिते, कारण त्या बाबतीत आम्ही शिकलो ते किंमत मोजून शिकलो.

आमच्या जागेवरही एक तोडलेला खुंट होता. ज्यांनी जमीन साफ केली त्यांनी तो जमिनीलगत कापला, वर माती टाकली आणि जागा स्वच्छ दिसली. त्यावर व्हरांड्याची फरशी आली. सहाव्या वर्षी फरशीच्या मधोमध एक चीर दिसू लागली, सातव्या वर्षी तेथे पाणी साचू लागले आणि उकरल्यावर खाली काळा भुसा, पोकळी व वाळवीचे भरभक्कम घर मिळाले. खुंट काढायचा म्हणजे बुंध्यासोबत अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या सगळ्या मुळ्या खणून काढायच्या, खड्डा मोकळा करायचा आणि तो दाबून भरायचा. खुंट यंत्राने किसून तो भुसा खड्ड्यातच ठेवणे हे काम अर्धवट टाकण्यासारखे आहे. खुंट जाळून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका, कारण जमिनीखालच्या मुळ्या कित्येक दिवस धुमसत राहू शकतात.

उभ्या झाडाबद्दल घरात तट पडले आहेत असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत झाड ठेवण्याच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण सावली एवढेच नाही. फुगणाऱ्या मातीत मोठे झाड दररोज जमिनीतून पाणी ओढत असते व त्याच्या भोवतालची माती वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली असते. झाड काढले की ती माती हळूहळू पाणी पुन्हा शोषते आणि वर उचलली जाते. ही क्रिया एका पावसाळ्यात संपत नाही, तिला कित्येक वर्षे लागतात. म्हणून आज झाड तोडून लगेच त्याच्या जवळ पाया घालणे, हे झाड ठेवण्यापेक्षाही अधिक त्रासदायक ठरू शकते.

ठेवायचे असेल तर नीट ठेवा. छातीच्या उंचीवर मोजलेल्या खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखून ठेवतात. तुमच्या झाडाला ते ४.८ मीटर येईल. अन्नपाणी घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात, त्यामुळे त्या वर्तुळात यंत्र फिरवणे, मातीचा ढीग करणे, सिमेंट कालवणे किंवा धुणे यांपैकी काहीही होता कामा नये. यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी तेथे खांब रोवून भक्कम कुंपण घाला. दोरी बांधली तर ती पहिल्याच तासात तुटलेली दिसेल.

झाड तोडण्यासाठी किंवा त्याच्या फांद्या छाटण्यासाठी परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या, आणि झुडपे कापण्यापूर्वी घरटी आहेत का तेही एकदा पाहा.

धुम्मस

मी कंत्राटदारांच्या बाजूने, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर उभे राहून काम करवून घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो.

एका दिवसात जागा साफ करून देतो असे सांगणारा मनुष्य लबाडच असतो असे नाही. तुम्ही त्याला 'जागा सपाट करून द्या' असे सांगितले असेल, तर त्याने सपाट करण्याचाच अंदाज दिला. थर किती जाडीचे, प्रत्येक थरावर रोलर किती वेळा फिरवायचा, खुंट मुळापासून काढायचा की नाही, वरची माती वेगळी ठेवायची की नाही, राडारोडा जागेबाहेर नेण्याची जबाबदारी कोणाची, आणि घनतेची चाचणी कोण करवून घेणार, हे करारात लिहिलेले नसेल तर ते होणार नाही. ते न झाल्याबद्दल नंतर वाद घालण्यातही अर्थ नसतो. ओळंबा यांच्या प्रत्येक चाचणीची प्रत्येक घराला गरज असते, असेही मला वाटत नाही. चाचणीखड्ड्यांत हातभर खोलीवर सलग कठीण मुरूम लागला असता, तर एवढा खटाटोप करू नका असे मीच सांगितले असते. पण भेगा, साचणारे पाणी आणि ती गोल जागा या तिन्ही गोष्टी एकाच भूखंडावर आल्या आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत माझा त्यांना विरोध नाही.

शेडच्या पत्र्यांबद्दल अजून कोणी काही लिहिले नाही, म्हणून ते मुद्दाम लिहितो. जुने सिमेंटचे नालीदार पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले, घासले किंवा यंत्राखाली चिरडले की त्यातील अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात व अनेक वर्षांनी गंभीर आजार निर्माण करतात. ते पत्रे सर्वांत आधी, यंत्र जागेवर येण्यापूर्वी, पाण्याने भिजवून, अखंडच उचलून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अशा कामाची माहिती असलेल्या माणसांकडून हलवायला हवेत. भरावात पत्र्याचे तुकडे म्हणून टाकणे तर अजिबात चालणार नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीखाली व डोक्यावर काय आहे ते विचारून घ्या. जुन्या शेडला वीज किंवा पाणी होते का, ते कोठून आले होते, आणि जोडणी खरोखर तोडली आहे की नुसतीच बंद आहे? जिवंत केबल फावड्याला लागल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. वरून तारा जात असतील तर जेसीबीचा हात पूर्ण उचलल्यावर कोठवर पोहोचतो ते यंत्र उभे करण्याआधीच पाहावे.

झुडपे कापताना चारही बाजूंनी आत येऊ नका. एका कडेने सुरुवात करून मोकळ्या बाजूकडे सरकत जा, म्हणजे आत दडलेल्या सापांना व इतर प्राण्यांना बाहेर पडायला वाट राहते. गवत आधी हाताने किंवा कटरने कापून जमीन दिसू लागली की मगच यंत्र आत घ्यावे, कारण गवताखाली उघडा खड्डा किंवा जुन्या कामातून वर आलेली सळई असू शकते.

खड्ड्यांच्या बाबतीत मी फार कडक आहे. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात, बाजूंना उतार दिल्याशिवाय किंवा फळ्या-आडव्यांचा आधार लावल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. कमरेपर्यंत गाडला गेलेला मनुष्यसुद्धा दोघा-तिघांना ओढून काढता येत नाही. खणलेली माती खड्ड्याच्या काठापासून किमान मीटरभर लांब टाकावी.

आखणीच्या खुंट्या खोदकामाच्या रेषेवर ठोकल्या तर पहिल्याच बादलीत उखडल्या जातात. त्या रेषेच्या बाहेर दीड-दोन मीटरवर ठोका आणि दोऱ्या तेथून ताणा. तुमच्या मापात एक सोय आहे: ९ आणि १२ मीटरच्या काटकोनाचा कर्ण बरोबर १५ मीटर येतो. दोन्ही कर्ण १५ भरले की आखणी काटकोनात आहे.

पडीक

तिघांचेही मनापासून आभार. तुमच्या सांगण्याप्रमाणे काम थांबवून आधी पाहणी केली, तिचा निष्कर्ष येथे देत आहे.

सळई गोल जागेच्या आत साठ सेंटिमीटरनंतर अलगद गेली आणि कडेला विटांवर अडली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी तेथे विहीर असल्याचे व ती राडारोडा टाकून बुजवल्याचे सांगितले. तिची खोली त्यांना नक्की आठवत नाही. भूखंड उत्तर-दक्षिण ३० मीटर लांब आहे. विहिरीचा मध्य उत्तर हद्दीपासून ५ मीटरवर आहे, म्हणजे तिची दक्षिण कड साडेसहा मीटरवर येते. नकाशाप्रमाणे घराची उत्तर भिंत ६ मीटरवर आहे, म्हणजे ती विहिरीवरच येत होती! झाड २४ मीटरवर आहे. चाचणीखड्ड्यांत काळी माती १.२ मीटरपर्यंत लागली व त्याखाली मुरूम आहे. प्रयोगशाळेने फुगवटा ७० टक्के सांगितला आहे. घर दक्षिणेकडे सरकवावे, की विहीर पक्की भरून आहे तेथेच बांधावे?

ओळंबा

सरकवा, आणि निदान ३ मीटर सरकवा. उत्तर भिंत ९ मीटरवर गेली की विहिरीच्या कडेपासून अडीच मीटर अंतर मिळते. मीटर-सव्वा मीटरच्या चौकोनी पायाखाली, त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीवर दाब पायाच्या तळाशी असलेल्या दाबाच्या साधारण एक-दशांशावर येतो आणि बाजूला तर तो आणखी लवकर कमी होतो, त्यामुळे एवढे अंतर दोन मजल्यांच्या हलक्या घराला बहुधा पुरेसे ठरावे. तरीही नवे माप संरचना अभियंत्यांना दाखवून त्यांच्या संमतीनेच पक्के करा, कारण विहीर किती खोल आहे हे ठाऊक नसताना अंदाजावर भागत नाही.

विहीर घराबाहेर गेली तरी ती तशीच सोडू नये. वरचा दोन-अडीच मीटरचा राडारोडा यंत्राने, बाहेर उभे राहूनच काढावा. आत माणूस उतरवू नये, कारण अशा जागी प्राणवायू कमी असू शकतो आणि कुजणाऱ्या कचऱ्यातून विषारी वायू साचलेले असू शकतात. बांधणीच्या वरच्या मीटरभर विटा काढून टाकाव्यात, तेथे स्वच्छ माती थराथराने दाबून भरावी आणि वर सळयांचा काँक्रीटचा स्लॅब विहिरीच्या व्यासापेक्षा मोठा टाकावा. त्यावर वाहन उभे करण्याची जागा मात्र ठेवू नका.

घराखालच्या १.२ मीटर काळ्या मातीविषयी तुमचे नशीब चांगले म्हणायचे. ती पूर्ण काढून पाया मुरमात नेता येईल एवढी ती उथळ आहे. ती तीन-चार मीटर असती तर तळाशी फुगीर कंद असलेल्या खास स्तंभांचा विचार करावा लागला असता. एक चूक मात्र टाळा. काढलेल्या मातीच्या जागी निव्वळ वाळू किंवा खडी भरू नका. भोवताली पाणी न सोडणारी काळी माती आणि मध्ये वाळू, असे झाले की तो खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो व कडेची माती सतत भिजत राहते. न फुगणारा, थोडा चिकटपणा असलेला मुरूम थराथराने दाबून भरणे हे येथे योग्य होईल.

पारंबी

घर तीन मीटर सरकल्यावर दक्षिण भिंत १८ मीटरवर येते, म्हणजे झाडापासून ६ मीटर. मुळांसाठी राखलेल्या ४.८ मीटरच्या वर्तुळाबाहेर ती आहे, तेवढे समाधान आहे. पण मोठे झाड आपल्या उंचीएवढ्या अंतरावरूनही माती कोरडी करू शकते, म्हणून झाडाची उंची मोजून अभियंत्यांना सांगा आणि त्या बाजूचा पाया खात्रीने मुरमातच टेकला आहे हे स्वतः पाहा.

धुम्मस

शेवटी क्रमाबद्दल एवढेच. पत्रे हलवून झाले आणि गवत कापले, की खुंटाला किंवा मातीला हात लावण्याआधी सखल भागातून पाणी बाहेर काढणारी एक तात्पुरती चर खणून घ्या. काळ्या मातीचा थर काढल्यावर उघडा पडलेला मुरूम पावसात भिजला, तर वरचा मऊ झालेला भाग पुन्हा खरवडावा लागतो आणि तेवढा भराव वाढतो. खोदकाम एका टोकापासून टप्प्याटप्प्याने करा. जेवढे उघडाल तेवढे त्याच आठवड्यात भरून दाबता येईल एवढेच उघडा. घर झाल्यावर भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन बाहेरच्या बाजूला १५ सेंटिमीटर उतरती ठेवायची आहे, तेव्हा जोत्याची उंची ठरवताना हा उतार आताच हिशेबात धरा. तुम्ही बाजूला ठेवलेली ती ४५ घनमीटर माती आवारातल्या खोलगट जागा भरण्यासाठीच उपयोगी पडेल, पण भिंतीला टेकून तिचा ढीग करू नका.

पडीक

नवी आखणी काल करून घेतली. दोन्ही कर्ण १५ मीटर भरले. पत्रे हलवणारी माणसे परवा येत आहेत. झाडाभोवतीचे कुंपण आम्ही उद्याच घालत आहोत, आणि दोरीचे नव्हे.